एकोण

जर्मनीतल्या त्या युवा केंद्रात पहिल्या दिवशी मला कुणी नाव विचारलं नाही. अकराएक वर्षांचा एक मुलगा, डोक्यावर लाल टोपी, काउंटरवर कोपर टेकून मला वरपासून खालपर्यंत बघत होता. म्हणाला, "तूच ना नवी बुफ्दी? कधी जाणार?" बुफ्दी म्हणजे तिथली वर्षभराची स्वयंसेवक.

माझं जर्मन तेव्हा पुस्तकी होतं. नाव, गाव, छंद एवढं पाठ करून आले होते आणि हा प्रश्न पुस्तकात नव्हता. मला वाटलं, कधी आलीस असंच विचारत असणार. म्हणून मी सांगितलं, "परवा." आता आपला परवा दोन्हीकडे तोंड असलेला. मागचाही परवाच, पुढचाही परवाच. जर्मनमध्ये दोन्हीला वेगळे शब्द आहेत आणि माझ्या तोंडून नेमका पुढचा निघाला.

"एवढ्यातच?" तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं नव्हतं, हिशोब चुकल्यासारखा चेहरा होता.

मग हातवारे झाले, भिंतीवरचं कॅलेंडर झालं, आणि ३१ ऑगस्ट या तारखेवर आमचं एकमत झालं. सप्टेंबर नुकताच लागला होता. त्यानं बोटांवर महिने मोजले आणि म्हणाला, "मग चालेल. किकरचे नियम शिकवतो."

किकर म्हणजे टेबल-फुटबॉल. दांड्यांना खिळलेली माणसं, त्यांनी मारायचा छोटा बॉल. नियम तीन. दांडा गरागरा फिरवायचा नाही. मधल्या रांगेतून गेलेला गोल धरायचा नाही. बॉल टेबलाबाहेर उडाला तर ज्यानं उडवला त्यानंच सोफ्याखालून काढायचा. वर्षभरात मला तिथे एवढ्या स्पष्ट भाषेत दुसरं काही कुणी समजावून सांगितलं नाही.

लाइपझिगच्या पश्चिमेला ग्र्युनाऊ नावाची वसाहत आहे. एक नंबरची ट्राम तिच्यातून शेवटपर्यंत जाते. १९७६ साली तिची पायाभरणी झाली. पूर्व जर्मनीच्या काळात कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती आणून, एकमेकींना जोडून उभारलेल्या इमारती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे ८५ हजारांच्या आसपास माणसं राहत होती. मग दोन्ही जर्मनी एक झाले, कारखाने बंद पडले, लोक कामासाठी पश्चिमेकडे गेले आणि वस्ती जवळपास निम्म्यावर आली. काही इमारती तर पाडूनच टाकल्या. आता त्या जागी गवत आहे, आणि पाऊलवाटा मात्र अजूनही पूर्वीच्या दारांकडे वळतात. कधी जाणार हा प्रश्न तिथे उद्धट नाही, हे कळायला मला बरेच महिने लागले. ज्या जिन्यात दर वर्षी एखादं दार कायमचं बंद झालं, त्या जिन्यात वाढलेल्या आईबापांचीच ही मुलं होती.

आमचं युवा केंद्र एका बैठ्या इमारतीत होतं. दुपारी दोनला उघडायचं, रात्री आठला बंद. किकर, टेबल टेनिस, एक जुनाट सोफा, एक स्वयंपाकघर, मागे सायकली दुरुस्त करायची शेड.

मी तिथे कशी पोचले ते थोडक्यात सांगते. जर्मन सरकारची वेल्टवेर्ट्स नावाची योजना २००८ पासून जर्मन तरुणांना वर्षभरासाठी आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेत स्वयंसेवक म्हणून पाठवते. २०१३ पासून उलट दिशेची वाटही उघडली. इकडची माणसं तिकडे. मी त्या उलट्या वाटेनं गेले. जर्मनीत पाऊल ठेवलं की मात्र कागदोपत्री तुम्ही तिथल्या संघराज्य स्वयंसेवेत दाखल होता. तिचं नाव इतकं लांबलचक आहे की सगळा देश तिच्यातल्या स्वयंसेवकाला बुफ्दी म्हणतो. तिची जन्मकथाही गमतीची आहे. पूर्वी तिथे तरुणांना सक्तीची लष्करी सेवा होती आणि ज्यांना बंदूक नको असे, ते त्याऐवजी इस्पितळात, वृद्धाश्रमात काम करत. २०११ च्या जुलैत सक्ती थांबली आणि ते हजारो हात एकदम गेले. ती पोकळी भरायला त्याच दिवशी ही योजना सुरू केली. म्हणजे सक्तीची जागा घ्यायला स्वेच्छा आणली. राहायची जागा, आरोग्य विमा आणि महिन्याला थोडे पैसे मिळतात. त्या पैशांना अधिकृत कागदावरही ताशेनगेल्ट म्हणतात. खाऊचे पैसे! पदवी घेतलेल्या, तेवीस वर्षांच्या मला सरकार दर महिन्याला खाऊचे पैसे देत होतं.

पहिले दोन आठवडे अवघड गेले ते थंडीमुळे नाही, 'तू'मुळे. मुलं मला तू म्हणत. अकरा वर्षांचं पोर माझ्याकडे बघून "तू, बॉल दे" म्हणालं की माझ्या आत काहीतरी ताठ व्हायचं. ताईची सवय असलेल्या कानांचा दोष, दुसरं काय. त्याच सुमारास मी आमच्या केंद्रप्रमुख बाईंना अहो-जाहो करत होते आणि त्या प्रत्येक वेळी दचकत होत्या. शेवटी त्यांनी मला बसवून सांगितलं, "इथे सगळे एकमेकांना तू म्हणतात." म्हणजे तीही 'तू' झाली, तिच्या पांढऱ्या केसांसकट. तिला पहिल्यांदा नुसत्या नावानं हाक मारली तेव्हा मी खिडकीकडे बघत होते.

त्यात ग्र्युनाऊची बोली. सॅक्सनीत होकाराला 'नू' म्हणतात. माझ्या पुस्तकात असा शब्दच नव्हता. मला तो नकारासारखा ऐकू यायचा. "कोको हवा का?" "नू." मी कप परत ठेवायचे. मुलं थक्क होऊन बघत राहायची. ही बाई विचारते आणि देत मात्र नाही.

मी मोठ्या योजना घेऊन गेले होते. अर्जातच लिहिलं होतं सगळं. भिंतीवर चित्रं, नाटुकली, मुलींसाठी वेगळा गट, वगैरे. ऑक्टोबरात मी रंगीत पोस्टर लावलं. दर बुधवारी चार वाजता नाट्यशिबिर. पहिल्या बुधवारी तीन मुली आल्या, त्यातल्या दोघी तिसरीला घरी न्यायला आल्या होत्या. दुसऱ्या बुधवारी कुणीच नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन कप घासत बसले. केंद्रप्रमुख आली, टॉवेल घेतला, कप पुसायला लागली. म्हणाली, "इथे कुणी नाव नोंदवत नाही. हजेरी नाही. यावंसं वाटलं तर येतात, नाही वाटलं तर जातात. शाळेत, घरी, सगळीकडे त्यांच्याकडून काहीतरी हवं असतं. इथे नको."

त्यांच्या धंद्यात यासाठी एक शब्द आहे, नीडरिगश्वेलिग. ठेंगण्या उंबरठ्याचं. ठेचकाळावं लागू नये, दबकत यावं लागू नये असं दार. मला शब्द आवडला पण त्या दिवशी पटला नाही. ठेंगणा उंबरठा ठीक आहे, पण आत आलेल्याला आपण काय देणार, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तू काल कुठे होतीस?" काउंटरवर. "परवा?" काउंटरवर. "उद्या?" मग ती कप जागेवर ठेवून निघून गेली.

एखाद्या बोधकथेत इथे माझे डोळे उघडले असते. माझे उघडले नाहीत. मला वाटलं, कामचुकारपणाला तत्त्वज्ञानाचा मुलामा दिला आहे. ते चूक होतं, पण पूर्णच चूक होतं असं अजूनही म्हणवत नाही. काही दुपारी आम्ही खरोखरच नुसते बसलेलो असायचो.

खरं सांगायचं तर पहिले तीन महिने मी त्या संस्थेला महागच पडले. पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांत करायची असते, त्यासाठी कुणीतरी बरोबर यायला हवं. बँकेत बरोबर, परदेशी नागरिकांच्या कचेरीत बरोबर, मुलांसोबत काम करायचं म्हणून पोलिसांचा खास दाखला काढायचा तिथेही बरोबर. मुलांसाठी असलेले किती तास माझ्या फॉर्मांवर गेले, याचा हिशोब कुणी मांडला नाही. परदेशी स्वयंसेवकांच्या अनुभवकथनात ही बाब क्वचितच येते. आपण मदत करायला गेलेलो असतो ना!

त्या घरात काम करणारे दुसरेही होते. दर गुरुवारी एक निवृत्त ट्रामचालक यायचे आणि लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायचे. कितीतरी वर्षं येत होते. अशा कामाला जर्मनमध्ये एरेनाम्ट म्हणतात. मान आणि पद हे दोन शब्द जोडून केलेला. आपला 'मानद' अगदी हाच, फक्त आपण तो सचिवांसाठी राखून ठेवला आहे. तिथे तो फायर ब्रिगेडमध्ये धावणाऱ्याला, मतदान केंद्रावर मतं मोजणाऱ्याला, गुरुवारी गोष्टी वाचणाऱ्याला लागतो. २०१९ च्या सरकारी पाहणीत चौदा वर्षांवरच्या सुमारे ४० टक्के लोकांनी आपण असं काहीतरी करतो म्हणून सांगितलं होतं. ट्रामवाल्या आजोबांना कधी जाणार असं कुणी विचारत नसे. ते दर गुरुवारी सातच्या ट्रामनं जायचे आणि पुढच्या गुरुवारी यायचे.

लाल टोपीचं आणि माझं जमलं ते गणितामुळे. मुलांना गृहपाठात मदत करायची हे माझ्या कामांपैकी एक होतं, आणि आकडे ही त्या भाषेतली मला न अडलेली एकमेव गोष्ट. जर्मनमध्ये एकक आधी आणि दशक मागून येतं. एकवीसला 'एक आणि वीस' म्हणतात. माझ्याबरोबर आलेली मेक्सिकोची मुलगी या उलट्या आकड्यांनी रडकुंडीला यायची, दुकानात नेहमी चुकीची नाणी काढायची. मला त्यात काही उलटं आहे हेच कळलं नाही. एकवीस, बावीस, तेवीस. आपणही तसंच तर म्हणतो.

लाल टोपीला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग मोज. मी मोजायला लागले. अठ्ठावीसपर्यंत तो मान डोलावत होता. एकोणतीस आलं तेव्हा थांबवलं. हे काय? इथे नऊ कुठे आहे? मी सांगितलं, नऊ नाहीच. एकानं कमी तीस. तो हसतच सुटला. "म्हणजे तुमच्या एकोणतीसला स्वतःचं नावच नाही? तो फक्त तीस व्हायचा राहिलाय?" मग एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ. त्याला प्रत्येक वेळी नव्यानं गंमत वाटायची. पुढे जाऊन त्यानं मला नव्व्याण्णववर पकडलं. तिथे एकोण का नाही? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. "भाषेचा कंटाळा आला असेल शेवटी," तो म्हणाला.

त्या आठवड्यात किकरवर तिघेच होते. एक गडी कमी. लाल टोपीनं अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडून म्हटलं, "एकोण!" आणि माझ्याकडे बघितलं. मी कप टाकून गेले. तेव्हापासून त्या घरात तो शब्द रुळला. चारात एक कमी, एकोण. टेबल टेनिसला जोडी नाही, एकोण. कुणी तरी ये, एवढाच अर्थ. दोन सीरियन बहिणी होत्या, त्या जर्मन माझ्याहून किती तरी वेगानं शिकल्या आणि माझ्या दुभाष्या झाल्या होत्या. त्यांना तर बरेच दिवस तो सॅक्सन बोलीतलाच शब्द वाटत होता.

सत्तावीस वर्षांखालच्या बुफ्दींना वर्षाकाठी पंचवीस दिवस शिबिराला जावं लागतं, तो नियमच आहे. हिवाळ्यातल्या शिबिरात आम्ही वेगवेगळ्या खंडांतले वीसेकजण, आणि विषय स्वयंसेवेचा इतिहास. तिथे पिएर सेरेसोल या स्विस माणसाबद्दल ऐकलं. पहिलं महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. १९२० च्या नोव्हेंबरात फ्रान्समधल्या व्हर्दांजवळच्या उद्ध्वस्त एन गावात तो काही परदेशी माणसं घेऊन राहिला. झोपड्या बांधल्या, तोफगोळ्यांचे खड्डे बुजवले. त्या माणसांत जर्मनही होते. ज्यांच्या तोफांनी गाव उडवलं त्यांच्यातलेच हातात फावडं घेऊन आलेले. स्थानिक विरोधामुळे पाच महिन्यांत काम थांबवावं लागलं. त्यातूनच पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली, आणि १९३४ च्या भूकंपानंतर हाच सेरेसोल बिहारमध्ये गावं उभारायला आला. मला त्याच्या धैर्यापेक्षा त्या गावकऱ्यांचं जास्त वाटलं. मदत करायला आलेल्याला नको म्हणायचा त्यांना हक्क होता की नाही?

नेमका तोच धागा मेक्सिकोवालीनं उचलला. तिनं इव्हान इलिचच्या भाषणाचे कागद आणले होते. १९६८ साली हा विचारवंत तिच्याच देशात, क्वेर्नावाकामध्ये, अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांपुढे उभा राहिला आणि त्यांना म्हणाला, बघायला या, डोंगर चढायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. एवढंच तिनं वाचलं आणि आमच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आणि आता मी मेक्सिकोहून जर्मनीत म्हाताऱ्यांना जेवण भरवते. इलिचला काय वाटलं असतं?" सगळे हसले. पण नंतरची चर्चा हसण्यासारखी नव्हती. काही देशांत पंधरा दिवसांसाठी अनाथाश्रमात येणारे परदेशी असतात. मुलांना कडेवर घेतात, फोटो काढतात, जातात, आणि पुढचे पंधरा दिवस दुसरे. मुलं प्रत्येकाच्या गळ्यात पडायला शिकतात. हे वाईट यावर एकमत व्हायला दोन मिनिटं लागली. मग शिबिर घेणाऱ्यानं शांतपणे विचारलं, "पंधरा दिवस वाईट. वर्ष?"

मला लाल टोपीनं बोटांवर मोजलेले महिने आठवले. माझ्याआधी त्यानं तीन बुफ्दी पाहिले होते. आता कळलं की तो प्रश्न कुतूहलाचा नव्हता. या माणसावर किती खर्च करायचा, याचा तो अंदाज होता. बारा महिने असतील तर किकर शिकवायला परवडतं.

मागच्या शेडमध्ये सायकली दुरुस्त करणारे एक गृहस्थही आमच्यासारखेच बुफ्दी होते. या सेवेला वरची वयोमर्यादा नाही, आणि त्या काळात निर्वासितांनाही तिच्यात घेत. चाळिशी उलटलेले, सीरियातल्या अलेप्पोचे. मला तेही परदेशात, मीही परदेशात, दोघंही खाऊच्या पैशांवर, याची गंमत वाटायची, ती एका दुपारपर्यंतच. लाल टोपी चाकात हवा भरून घ्यायला गेला होता आणि सवयीनं त्यांनाही विचारून बसला, "तू कधी जाणार?"

त्यांनी पंप मारायचं थांबवलं नाही. "माहीत नाही," म्हणाले. थोड्या वेळानं, "जाता येईल की नाही तेच माहीत नाही."

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे इथेच आहेस?"

"नू," ते म्हणाले.

त्या 'नू'पुढे मला माझं परतीचं तिकीट फार चैनीचं वाटलं. त्या दिवसापासून मी 'आपण दोघं परदेशी' असलं काही त्यांच्याजवळ बोलले नाही.

उन्हाळ्यात आम्ही मुलांना घेऊन कुल्कविट्झच्या तळ्यावर जायचो. मुळात ती कोळशाची उघडी खाण, मागाहून पाण्यानं भरलेली. ग्र्युनाऊच्या कडेलाच आहे. मला पोहता येत नाही, हे त्या मुलांना माझ्या जर्मनपेक्षाही विनोदी वाटलं. मी काठावर टॉवेल सांभाळत बसायचे. वर्षभरातलं माझं सगळ्यात उपयोगी काम कदाचित तेच असेल. सोळा टॉवेल, एकही हरवला नाही.

जुलै संपता संपता केंद्रप्रमुखानं मला पुन्हा बसवलं. जाण्याबद्दल तिचे नियम होते. तारीख लपवायची नाही. कुणी विचारलं तर पूर्ण तारीख सांगायची, 'बघू' म्हणायचं नाही. आणि 'मी परत येईन' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, खरे असले तरी नाहीत. "तू गेल्यावर ते वाट बघताना मला दिसतात," ती म्हणाली. आधीच्या कुठल्या तरी बुफ्दीनं नाताळला येतो म्हणून सांगितलं होतं. कोण, ते मी विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये एके दिवशी कामावर आले तर स्वयंपाकघरातल्या फळ्यावर, दुधाच्या यादीखाली, खडूनं ३० लिहून त्यावर काट मारलेली होती. शेजारी वाकड्या रोमन अक्षरांत 'एकोण'. दुसऱ्या दिवशी कुणी काही बदललं नाही. तिसऱ्या दिवशी दुधाच्या यादीबरोबर ते पुसलं गेलं. लाल टोपीनं पुढे मोजलं असेल तर मनात.

३१ तारखेला केक होता, सगळ्यांनी सह्या केलेला एक टी-शर्ट होता. सीरियन बहिणी रडल्या, मी रडले. लाल टोपी रोजच्या वेळी आला, तीन डाव खेळला, दोन हरला, सोफ्याखालून बॉल काढला. आठ वाजता रोजच्यासारखंच "च्युस" म्हणून दारातून गेला. मी दार बंद करेपर्यंत तो ट्रामच्या थांब्यापलीकडे पोचला होता.

माझ्या जागी टोगोची एक मुलगी आली. आमची ओळख फक्त कामाच्या याद्यांपुरती. कपाटाच्या किल्ल्या, कचऱ्याचे दिवस, गॅसचा कॉक नीट बंद होत नाही वगैरे. तीन आठवड्यांनी तिचा मेसेज आला. जर्मन बऱ्यापैकी येतं, पण एक शब्द डिक्शनरीत सापडत नाही. मुलं किकरपाशी उभी राहून तो ओरडतात आणि माझ्याकडे बघत राहतात. शिवी आहे का?

मी लिहिलं, शिवी नाही, एक गडी कमी आहे, हातातलं टाकून लगेच जा. आणि दांडा गरागरा फिरवू नकोस.